अर्धी संहिता, अख्खं रान

1959 च्या ऑगस्टमध्ये बेंजामिन ब्रिटनपुढे एक व्यावहारिक अडचण उभी होती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यात ऑल्डबरा नावाचं छोटं गाव आहे. ब्रिटन आणि त्याचा आयुष्यभराचा जोडीदार, टेनर गायक पीटर पिअर्स यांनी 1948 साली तिथे एक संगीत महोत्सव सुरू केला होता. महोत्सवातले ऑपेरे गावच्या ज्युबिली हॉलमध्ये व्हायचे. हा हॉल दुरुस्त करून, वादकांची जागा वाढवून 1960 च्या जूनमध्ये नव्याने खुला व्हायचा होता आणि त्या प्रसंगासाठी नवा ऑपेरा हवा होता. हातात उणेपुरे दहा महिने. ऑपेराला आधी संहिता लागते, आणि ती कुणाकडून नव्याने लिहून घ्यायची तर त्यातच वर्ष सरतं. तेव्हा दोघांनी ठरवलं की तयार संहिता घ्यायची. ती होती शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकाची.

हे नाटक 1595–96 च्या सुमाराचं. त्यावर संगीत आधीही झालं होतं. पर्सेलचा ‘द फेअरी क्वीन’ 1692 चा, पण त्यात शेक्सपिअरच्या ओळींना चाल लावलेली नाही. मूळ नाटकाच्या अंकांना जोडून वेगळीच गाणी येतात. मेंडेल्सोनने 1826 मध्ये या नाटकावर ओव्हर्चर लिहिलं आणि 1842 मध्ये प्रयोगासाठी बाकीचं संगीत. जगभरच्या लग्नांत वाजणारं वेडिंग मार्च त्यातलंच. पण नाटकाची मूळ भाषा हात न लावता तशीच ठेवून पूर्ण गायचा ऑपेरा करायचा, हे काम ब्रिटन आणि पिअर्सने केलं. ते कसं केलं, हे एकेक पायरी उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी प्रकार समजून घेऊ. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये कालिदासाचं ‘शाकुंतल’ मराठी संगीत नाटक म्हणून उभं केलं, तेव्हा गद्य संवाद आणि पदं आलटून पालटून आली. कथा संवादात पुढे सरकते, पद आलं की थांबते आणि भाव फुलतो. ऑपेरात ही सोय नसते. ‘दार उघड’ इतकंसं वाक्यही सुरातच म्हणायचं. त्यामुळे पहिला प्रश्न वेळेचा. बोलून तीन तासांत होणारं नाटक शब्दन् शब्द गायलं तर रात्र पुरायची नाही.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. पिअर्स आणि ब्रिटनने मूळ संहितेचा जवळपास निम्मा भाग काढून टाकला आणि पाच अंकांचे तीन केले. काय काढलं हे महत्त्वाचं आहे. नाटक सुरू होतं अथेन्सच्या दरबारात. हर्मियाचं लायसँडरवर प्रेम आहे, पण बाप म्हणतो डेमेट्रियसशीच लग्न कर. राजा थीसियस कायदा सांगतो: बापाचं ऐक, नाहीतर मरण, नाहीतर जन्मभर संन्यास. या भीतीने हर्मिया आणि लायसँडर रानात पळतात. डेमेट्रियस त्यांच्या मागे, आणि डेमेट्रियसवर जीव टाकणारी हेलेना त्याच्या मागे.

ऑपेरात हा दरबाराचा प्रवेश नाहीच. हर्मियाचा बाप एगिअस पात्रयादीतूनच गेला. पडदा उघडतो तो थेट रात्रीच्या रानात. पळून जाण्याचं कारण प्रेक्षकाला कळायला हवं, म्हणून लायसँडरच्या तोंडी एक ओळ घातली आहे. डेमेट्रियसशी लग्नाची सक्ती करणाऱ्या त्या कायद्याचा उल्लेख तिच्यात येतो. सगळ्या ऑपेरात शेक्सपिअरची नसलेली ओळ ही एवढीच. बाकी शब्द त्याचेच. कापले, पुढेमागे केले, पण बदलले नाहीत. टॉमस एडेसने 2004 मध्ये ‘द टेम्पेस्ट’वर ऑपेरा केला तेव्हा संहिता नव्याने लिहून घेतली होती. तोही मार्ग आहेच. पण मूळ शब्दांना न बिचकता भिडण्याचं ब्रिटनचं धाडस मला मोठं वाटतं, कारण या भाषेचं स्वतःचं संगीत इतकं पक्कं आहे की तिच्यावर दुसरी चाल चढवणं फार अवघड.

कात्रीचा परिणाम दुहेरी आहे. नाटकात रान ही पळून जाण्याची जागा असते आणि दरबार हे घर. ऑपेरात रान हेच घर होतं. आपण दोन अंक तिथेच असतो आणि राजवाडा थेट तिसऱ्या अंकाच्या उत्तरार्धात दिसतो. त्याची किंमतही मोजावी लागते. कायद्याची धास्ती एका ओळीत मावत नाही, त्यामुळे प्रेमिकांची घालमेल सुरुवातीला जरा हलकी वाटते. आणि थीसियस व त्याची होणारी राणी हिपॉलिटा इतक्या उशिरा येतात की त्यांच्याशी आपली ओळख होईस्तोवर ऑपेरा संपत आलेला असतो. हा तोटा खरा आहे. तरीही सौदा योग्य होता असं माझं मत आहे, कारण गेलेल्या निम्म्या शब्दांचं काम आता वाद्यांनी करायचं आहे आणि वाद्यांना रानाइतकी मोकळी जागा दरबारात मिळाली नसती.

आता त्या वाद्यांकडे येऊ. नाटकात तीन प्रकारची माणसं आहेत, म्हणजे त्यातली काही माणसं नव्हेतच. एक परीलोक: राजा ओबेरॉन, राणी टायटेनिया, त्यांच्या पऱ्या आणि खोडकर पक. दुसरे ते चार प्रेमिक. तिसरे गावातले कारागीर: विणकर बॉटम, सुतार क्विन्स, भाता दुरुस्त करणारा फ्लूट आणि त्यांचे सोबती. थीसियस राजाच्या लग्नात नाटक करून दाखवायचं म्हणून ते रानात तालमीला जमले आहेत. शेक्सपिअरने या तिघांना तीन बोली दिल्या. पऱ्यांना छोट्या यमकदार ओळी, उच्चकुलीनांना भारदस्त पद्य, कारागिरांना बहुतेक ठिकाणी साधं गद्य. ब्रिटनने हीच विभागणी ध्वनीत उतरवली. पऱ्यांसाठी हार्प, हार्पसिकॉर्ड, चेलेस्टा आणि किणकिणणारी तालवाद्यं. प्रेमिकांसाठी तंतुवाद्यं आणि लाकडी सुषिर वाद्यं. कारागिरांसाठी बॅसून, ट्रॉम्बोन असे जाडसर, खालच्या पट्टीतले आवाज. हॉल लहान, म्हणून वाद्यवृंदही आटोपशीर. ट्रम्पेट एकच, ट्रॉम्बोन एकच. ही तोकडी साधनसामग्री ऑपेराच्या पथ्यावरच पडली. प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं, आणि डोळे मिटले तरी आपण कुणाच्या जगात आहोत ते कळतं.

आवाजांची निवडही तितकीच नेमकी. टायटेनियाला अतिशय उंच, ताना घेणारी सोप्रानो. पऱ्या म्हणजे मिसरूड न फुटलेली मुलं. चर्चच्या गायकवृंदात असतात तसे त्यांचे सरळ, थोडे धारदार आवाज. या पऱ्या गोजिरवाण्या असू नयेत, त्या राणीच्या पहारेकरी आहेत असं ब्रिटनचं म्हणणं होतं, म्हणून त्यांच्या संगीतात अधूनमधून लष्करी कूच ऐकू येते. पक तर गातच नाही. तो बोलतो, कोलांट्या मारतो आणि त्याच्यासोबत एक ट्रम्पेट आणि एक ढोलकं वाजतं. स्टॉकहोममध्ये कसरती करणारी मुलं पाहून ब्रिटनला ही कल्पना सुचली. पहिल्या प्रयोगात ही भूमिका केली ती प्रसिद्ध नर्तक लेओनिद मासीन याच्या किशोरवयीन मुलाने.

आणि ओबेरॉन. नाटकाचा सूत्रधार, रानाचा राजा, सूडाने पेटलेला नवरा. कुठल्याही संगीतकाराने त्याला खर्जातला भारदस्त आवाज दिला असता. ब्रिटनने दिला काउंटरटेनर, म्हणजे पुरुषाचा पातळ, स्त्रीच्या पट्टीत जाणारा आवाज. हा प्रकार तोवर मुख्यतः चर्चच्या आणि पर्सेलच्या काळच्या जुन्या संगीतापुरता उरला होता. त्याला पुन्हा मैफलीत आणण्याचं श्रेय आल्फ्रेड डेलरचं. 1940 च्या दशकात कँटरबरी कॅथिड्रलच्या गायकवृंदात मायकेल टिपेट या संगीतकाराने त्याला हेरलं होतं. ब्रिटनने ओबेरॉन लिहिला तो डेलरच्या गळ्यासाठीच. पहिल्या अंकात टायटेनिया कुठे झोपते ते ओबेरॉन सांगतो, त्या गाण्यात एकेका शब्दावर लांबलचक, वळणं घेत जाणारे स्वर आहेत आणि चेलेस्टाचा गार झंकार आहे. डेलर पर्सेलची गाणी जसा गायचा, त्याची छाया तिथे स्पष्ट दिसते. शब्द फुलांचे आहेत, सूर गोड आहे, आणि तरी ऐकताना अस्वस्थ वाटतं, कारण हा माणूस आपल्या बायकोच्या डोळ्यांत प्रेमात पाडणाऱ्या फुलाचा रस पिळायला निघाला आहे.

हिशेब करून पाहा: परीलोकात प्रौढ पुरुषाचा साधा, जमिनीवरचा आवाज एकही नाही. त्यामुळे पकच्या खोडीने डोक्यावर गाढवाचं मुंडकं बसलेला बॉटम आपला घोगरा बास-बॅरिटोन घेऊन टायटेनियाच्या कुशीत शिरतो, तेव्हा दोन जगांची टक्कर डोळ्यांआधी कानाला कळते.

प्रेमिकांना मात्र मुद्दामच नेहमीचे ऑपेराचे आवाज आहेत: सोप्रानो, मेझो, टेनर, बॅरिटोन. त्यांचं संगीतही एकमेकांसारखं, एकाच छोट्या स्वरवाक्यातून वाढत गेलेलं. काही समीक्षकांना ते फिकं वाटलं. पण गोष्टच अशी आहे की फुलाच्या रसाचा थेंब पडला की लायसँडर हर्मियाला सोडून हेलेनामागे लागतो, आणि डेमेट्रियसचंही तेच होतं. चौघं अदलाबदल करण्याजोगे आहेत, हेच तर दाखवायचं आहे.

आता एक-दोन जागा जवळून ऐकू. पडदा उघडण्याआधी तंतुवाद्यांच्या खालच्या सप्तकांतून एक स्वरसंगती उमटते आणि तिथून दुसरीकडे घसरत जाते. सुटे सुटे स्वर नाहीत, अखंड मींड. पुन्हा थांबते, पुन्हा घसरते. रान श्वास घेतं आहे असं वाटतं, आणि हा श्वास पहिल्या अंकात एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना परत परत येतो. यातली प्रत्येक स्वरसंगती अगदी साधी, पाश्चात्त्य संगीताच्या पहिल्या धड्यातली तीन स्वरांची. पण क्रमाक्रमाने ती सप्तकातल्या बाराही स्वरांवर उभी राहून जाते. म्हणजे ऐकायला प्रत्येक मुक्काम ओळखीचा, आणि तरी षड्ज कोणता हे ठरतच नाही.

दुसऱ्या अंकात हीच युक्ती अधिक आवळून येते. अंक उघडतो चार स्वरसंगतींनी. सावकाश, एकामागून एक, आणि प्रत्येक वेगळ्या वाद्यगटाला दिलेली. पहिली तंतुवाद्यांची, दुसरी आवाज दाबलेल्या पितळी वाद्यांची, तिसरी लाकडी सुषिर वाद्यांची, चौथी हार्प आणि तालवाद्यांची. पहिलीत तीन स्वर, दुसरीत चार, तिसरीत तीन, चौथीत फक्त दोन. बेरीज बारा, आणि एकही स्वर दोनदा आलेला नाही. बाराही स्वरांना समान हक्क देणारी पद्धत शोनबर्गने 1920 च्या दशकात मांडली आणि तिच्यामुळे संगीत कर्कश झालं अशी तक्रार सामान्य श्रोत्यांनी बरीच केली. ब्रिटनने बाराच्या बारा स्वर घेतले, पण चार मऊ, ओळखीच्या पुड्यांत बांधून. कानाला कुठेच टोचत नाही. फक्त पायाखाली जमीन नसल्यासारखं होतं. झोपेत आपलं असंच होतं, आणि हा झोपेचा अंक आहे. या चार स्वरसंगती अंकभर वेगवेगळ्या रूपांत परततात. शेवटी भांडून दमलेले चौघं प्रेमिक रानात आडवे होतात, पऱ्या त्यांच्यावर हळूच गातात, तेव्हा त्या गाण्याचा आधारही याच चार.

तिसऱ्या अंकात पहाट होते. दुरून शिंगं ऐकू येतात, चौघं जागे होतात, आणि हेलेना एक वाक्य सुरू करते: आपलं माणूस आपल्याला सापडलं आहे, आपलं असूनही पुरतं आपलं नसल्यासारखं. तेच वाक्य एकेक जण आपापल्या माणसाचं नाव घालून उचलतो आणि चार आवाजांची वीण चढत जाते. नाटकात ही हेलेनाची एकटीची जेमतेम दोन ओळींची गोष्ट आहे, बोलता बोलता निघून जाते. ऑपेरात ती चौघांची होते. बोलण्यात एका वेळी एकच माणूस बोलतो. संगीतात चार जण एकाच वेळी चार मनं उघडू शकतात. नाटकाचा ऑपेरा का करावा, असं कुणी विचारलं तर मी त्याला आधी ही जागा ऐकवीन.

मग राजवाडा, आणि कारागिरांचं ते ‘पिरॅमस आणि थिस्बी’ नाटक. शेक्सपिअरने इथे आपल्या काळच्या रडक्या, अलंकारिक नाटकांची टिंगल केली होती. ती जुनी नाटकं आता कुणाला ठाऊक नाहीत. ब्रिटनने टिंगलीचा रोख एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन ऑपेराकडे वळवला. सहा कारागीर मिळून एक छोटा ऑपेराच करतात. बॉटमचा पिरॅमस छाती पुढे काढून गातो. भिंत झालेला स्नाउट अर्धवट बोलत, अर्धवट गात येतो; ही धाटणी शोनबर्गची, म्हणून इथे चिमटा त्याला. फ्लूट हा पोरगेला कारागीर थिस्बीची भूमिका करतो. प्रियकर मेलेला पाहून त्याला वेड लागतं आणि शेजारी वाद्यवृंदात बासरी त्याच्या गाण्याशी खेळते. हा थेट डोनिझेट्टीच्या ‘लुचिया’मधल्या वेडाच्या प्रवेशावरचा घाला. जोन सदरलँडने 1959 च्या फेब्रुवारीत लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये लुचिया गाऊन सगळं शहर जिंकलं होतं. 1960 मध्ये फ्लूटची भूमिका केली पिअर्सने, आणि त्याने सदरलँडचीच नक्कल केली. ही टिंगल प्रेमाची आहे. कारागीर चुकतात, पण जीव ओतून गातात, आणि ब्रिटनने त्यांना खरोखर लक्षात राहणाऱ्या चाली दिल्या आहेत.

11 जून 1960 ला ज्युबिली हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला. संगीतदिग्दर्शन स्वतः ब्रिटनचं, रंगमंचीय दिग्दर्शन नृत्यरचनाकार जॉन क्रँकोचं, नेपथ्य चित्रकार जॉन पायपरचं. टायटेनिया होती जेनिफर व्हिव्हियन, बॉटम ओवेन ब्रॅनिगन. डेलरला रंगमंचाचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि त्याच्या अभिनयावर कडक टीका झाली. 1961 च्या फेब्रुवारीत हा ऑपेरा कव्हेंट गार्डनला गेला, गेऑर्ग शोल्टीच्या संगीतदिग्दर्शनात आणि जॉन गिलगुडच्या दिग्दर्शनात, तेव्हा ओबेरॉन दुसऱ्याला मिळाला, अमेरिकन रसेल ओबरलिनला. ब्रिटनचा विश्वास मात्र ढळला नाही; स्वतःच्या ध्वनिमुद्रणात त्याने डेलरलाच घेतलं. पुढे जेम्स बोमन आणि त्याच्यानंतरच्या कित्येक काउंटरटेनरांनी ओबेरॉनवर आपली कारकीर्द उभी केली. आज हा आवाज ऑपेराघरांत सर्रास ऐकू येतो, त्याच्या मुळाशी ही एक भूमिका आहे.

या गोष्टीत भारत आहे, आणि तो शेक्सपिअरनेच आणलेला आहे. ओबेरॉन-टायटेनियाचं भांडण ज्या मुलावरून पेटतं तो भारतातला. त्याची आई टायटेनियाची भक्त होती आणि बाळंतपणात गेली. ऑपेरातही भांडणाचं मूळ हेच. ब्रिटन आणि पिअर्स 1955 च्या अखेरीस भारतात आले होते आणि दिल्लीत त्यांनी रविशंकरांची सतार ऐकली होती. त्याच दौऱ्यात पुढे बाली बेटावर ऐकलेल्या गमेलान या तालवाद्यवृंदाचा ठसा ब्रिटनच्या 1957 च्या ‘द प्रिन्स ऑफ द पगोडाज’ या बॅलेवर उघड आहे. परीलोकाच्या झंकारात मला तोच कान जाणवतो. आणि 1993 मध्ये बाझ लुअरमनने ऑस्ट्रेलियात हा ऑपेरा बसवला तो थेट ब्रिटिश राजवटीतल्या भारतात नेऊन.

ऐकायचं असेल तर डेक्का कंपनीने 1966 मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण घ्या: लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, समोर उभा स्वतः ब्रिटन, डेलरचा ओबेरॉन, आणि या वेळी पिअर्स लायसँडर झालेला. सगळं एका बैठकीत ऐकायची गरज नाही. पहिल्या अंकाची सुरुवात, दुसऱ्या अंकाच्या त्या चार स्वरसंगती, प्रेमिकांचं जागं होणं, एवढं आधी ऐका. नाटकाची संहिता मांडीवर असू द्या, कुठली ओळ गळाली आणि तिच्या जागी कुठलं वाद्य आलं ते तपासत जा. आणि संगीत नाटक करणाऱ्या आपल्या मंडळींना एक विनंती. देवलांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हापासून शेक्सपिअर आपल्या रंगभूमीवर राहतो आहे. पण त्याच्या नाटकातल्या प्रत्येक जगाला स्वतंत्र वाद्यमेळ देऊन अख्खा प्रयोग सुरात बांधण्याचं काम अजून आपल्यासमोर पडलेलं आहे. ते कुणीतरी हाती घ्यावं.